घंटावाल्याच्या विधवेचं शुद्धलेखन

नाही ताई, फाइल उडालेली नाही, फाइल आहे — तुम्ही बसा ना, त्या स्टुलावर बसा, पंख्याचं वारं तिथंच लागतं. तुम्ही फोनवर म्हणालात ते कळलं मला. म्हणजे आत्ता कळलं. प्रबंध तुम्ही घरी टाइप केलात, माझ्याकडे आल्या नुसत्या तीन वह्या, मागं जोडायच्या नोंदींच्या. त्या बाईचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. नाही, तुम्हाला दोष देत नाही. टायपिंगवाल्याला कोण कशाला सांगेल.

मी समजलो ते बरोबर आहे का बघा. चर्चची दोनशे वर्षांपूर्वीची नोंदवही. साथ आली, फादर अंथरुणाला खिळले, आणि दोन वर्षं नोंदी लिहिल्या घंटा वाजवणाऱ्याच्या विधवेनं. हे कुणालाच माहीत नव्हतं, तुम्ही शोधलंत — आणि कशावरून, तर तिच्या चुकांवरून. फादर लिहायचे 'बाप्तिस्मा', ती लिहायची 'बापतिसमा'. फादरांचा 'साक्षीदार', तिचा 'साकशीदार'. आणि आता परीक्षक विचारतात, मागं जोडलेल्या साठ पानांत एकही चूक नाही, मग ही बाई आणली कुठून? मनानं रचली का? असंच लिहिलंय ना पत्रात? ...हं. गुरुवारी तोंडी परीक्षा. हं.

चुका मी काढल्या, ताई.

टाइप करताना सगळ्या नीट केल्या. एक शब्द सांगितला की संगणक सगळीकडे बदलतो, पाच मिनिटांचं काम — मी तर एकेक बघून केलं, मनापासून. मला वाटलं, उतरवताना तुमच्याच झाल्यात. हसू नका — हसत नाही तुम्ही, माहीत आहे. मला वाटलं, एवढी शिकलेली बाई, पीएचडी करते, आणि लिहिते माझ्यासारखं. खरं सांगू का, बरं वाटलं होतं मला. आता टाइप करताना संगणक लाल रेघ मारतो म्हणून, नाहीतर माझा हात अजून तसाच जातो, 'साकशीदार'. नववीत मास्तरांनी माझा निबंध वर्गासमोर वाचून दाखवला होता — जसा लिहिला होता तसाच, प्रत्येक चूक ओढून ओढून. मुलं बाकं वाजवत होती. दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन निघालो आणि शाळेवरून सरळ पुढं गेलो. तो पुढंच गेलो. मग तुमच्या वह्या आल्या. म्हटलं, ही पानं मोठमोठी माणसं वाचणार. यांना कुणी हसायला नको.

तुम्ही तपासायला हवं होतं म्हणता? म्हणत नाही? मीच म्हणतोय होय. कशा तपासणार, वडील दवाखान्यात होते तुमचे, इथून छापून परस्पर जमा केलात. आता बरे आहेत ना? ...बरं.

वह्या? आहेत की. वह्यांचा प्रश्नच नाही, या कपाटात आहेत, वरच्याच खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्यात — ओल लागू नये म्हणून. चर्चच्या वहीचं तसंच झालं ना? पाइप फुटला आणि पानं पानांना चिकटली, उघडायला गेलं की शाई सुटून येते. म्हणजे आता तुमच्या वह्याच तेवढ्या. बघा, हे माझ्या लक्षात आहे, तुम्ही सांगितलं होतंत. आणि तिथं पेन नेऊ देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत, म्हणून सगळं पेन्सिलीनं उतरवलंत, तेही सांगितलं होतंत.

पेन्सिलीनं होतं, ताई.

नका उघडू. उघडा, तुमच्याच आहेत. टाइप करताना म्हणालो मघाशी, पण आधी वहीतच खोडून नीट केलं आणि मग टाइप केलं मी. मला वाटलं, तुमच्या सरांनी वह्याच मागितल्या तर? खोडरबर पण नवा आणला, कागदाला डाग पडू नये म्हणून. तिन्ही वह्या. आठ दिवस रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना. अक्षरसुद्धा तुमच्यासारखं काढलंय, बघा, ओळखू येत नाही. तुम्हालाही येत नाही ना?

उजेडात धरून नाही दिसत. मी धरून बघितलं मघाशी, तुमचा फोन आल्यावर. हात हलका आहे तुमचा, कागदावर वण उठत नाही.

मला आठवतं पण. 'धरमपिता' आठवतं, 'बापतिसमा' आठवतं, कुठल्या पानावर काय होतं तेही बरंचसं आठवतं. पेन्सिल द्या, आत्ता बसून लिहितो, ती बाई लिहायची अगदी तसं — मला प्रयत्नसुद्धा करावा लागणार नाही. ...हो. ते माझं होईल. तिचं नाही होणार. माझ्या आठवणीला परीक्षक काय विचारणार. मी परीक्षकांसमोर येऊन सांगू का? शाळा सोडलेला टायपिंगवाला आहे, चूक माझी, त्यांची नाही, असं? मला चारचौघांत बोलता येत नाही, पण येईन. नको? बरं. नको म्हणता तर नको.

रागवा ना, ताई. ओरडा तरी.

या काका, या. काय, अर्ज आहे? ठेवा इथं. तासाभरात देतो. शुद्धलेखन? नाही काका, ते नाही बघत मी. जसं लिहिलंय तसंच टाइप करतो. तुम्हीच बघून घ्या. हे 'विनंती' बरोबर आहे का, ते मला नका विचारू.

ताई, वह्या राहिल्या तुमच्या.

ताई?