नुसता तळहात

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या एका बसथांब्यावर ग्वेनबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे डेरिक आणि नॉर्मन, दोघांच्याही खांद्याला धातू शोधायचं यंत्र.

“शेतात सापडलेल्या चांदीच्या नाण्याचा फोटो इंटरनेटवर टाकलास, डेरिक? शेत कळलं तर बाकीचं चोर खणून नेतील. मग मालक आपल्यालाही पाय ठेवू देणार नाही,” नॉर्मन म्हणाला.

“कसं कळेल? फोटोतली ठिकाणाची नोंद पुसलीय. मागे कुंपण नाही, झाड नाही, चर्चचा मनोरा नाही. नुसता माझा तळहात.”

“आणि हा व्हिडिओ?”

“त्यातही तळहातच. घे, आवाज मोठा करून बघ. ओळखलंस तर चहा माझा.”

फोनमधून घंटानाद आला, तशा ग्वेनबाईंनी डोळे मिटले आणि बोटांनी ताल धरला.

“आमच्या चर्चमागचं शेत ना रे हे?”

“बाई! तुम्ही कसं ओळखलंत?”

“पाच घंटांतली तिसरी बसक्या गळ्याची आहे. तीस वर्षं तिचा दोर मीच ओढतेय. साऱ्या परगण्यात असा गळा दुसरा नाही.”

“चहा पाज, डेरिक,” नॉर्मन म्हणाला.

“पाजतो. आधी हे सगळंच पुसतो.”

“फोटो राहू दे, बाळा. आवाज तेवढा काढ,” ग्वेनबाई म्हणाल्या. “आणि तो ऐकायचा असेल, तर रविवारी ये.”