उंडीचं पान

माझा जन्म लालबागच्या चाळीतला, बाबा गिरणीत, आई देवगडकडची, घरात पुस्तक म्हणजे पंचांग आणि आमची शाळेची. मी फार बोलणारी नाही, वाचनालयात पंचवीस वर्षं काढली तीसुद्धा गप्प राहूनच. लोकांना वाटायचं सुलभाबाई शांत आहेत. शांत कसली, काय सांगू तुम्हाला, तोंड उघडलं तर नको ते बाहेर पडेल म्हणून मी गप्प.

नवरा लवकर गेला, मुलगी लहान, ओळखीने परळच्या ह्या वाचनालयात लागले, हंगामी. काम काय, तर पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची, आणि परत आलेलं पुस्तक तपासायचं. आमच्याकडे रीत आहे, पुस्तक परत आलं की आधी ढिगात जातं, मग मी पानं मोजून आत ‘पाने पाहिली’ असा शिक्का मारते, तोवर ते ज्याने आणून दिलं त्याच्याच नावावर. पानं मोजायचे, वाचायचे नाही. हजारो पुस्तकं मोजली असतील, वाचलं एकही नाही. खोटं कशाला बोलू.

मुलगी चौथीत होती. बाईंनी वहीत चार झाडांची चित्रं चिकटवायला सांगितली होती, आणि ही मला सांगते कधी, तर सकाळी डबा भरताना, आई आजच शेवटचा दिवस, दुपारी शाळेत आणून दे. मी म्हटलं, शाब्बास गो बाय, अजून उशिरा सांगायचं. वाचनालयात आले तर ढिगात सगळ्यात वर झाडांचं पुस्तक, रंगीत चित्रांचं, सामंत मास्तरांनी नुकतंच आणून दिलेलं. हातात कव्हरं कापायचं ब्लेड होतंच. ताम्हण, कैलासपती, वावळ, उंडी. चार पानं. कापताना आवाजसुद्धा झाला नाही.

सामंत मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, धोतर नाही हो, स्वच्छ पँट-शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. तेच पुस्तक ते पुन्हापुन्हा न्यायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत मागितलं, काउंटरवर उघडलं, आणि पानं नाहीत. चिटणीस चारपाच जणांसमोर म्हणाले, शिक्का नाही, म्हणजे तुमच्याकडेच गेली, आणि चित्रं तुमच्याच कामाची. मास्तर एवढंच म्हणाले, मी पान कापीन? मी शेजारी उभी होते, हातात डिंकाची बाटली. बोलले असते तर नोकरी गेली असती. नाही बोलले. त्यांचं सभासदत्व गेलं, नंतर शीवला राहायला गेले असं कळलं. मला पुढच्याच वर्षी कायम केलं.

परवाच्या उन्हाळ्यात, मुलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, माळा आवरताना ती वही सापडली. दहापैकी दहा, उत्तम. मी तिथेच शिडीवर बसले.

मग ठरवलं, पुस्तक पुरं करायचं. रद्दीच्या कपाटात ते अजून होतं. चित्रं वाफेवर धरून सोडवली, तीन निघाली, उंडीचं फाटलं. आणि मागचा मजकूर सगळा डिंकात गेलेला. ते पुस्तक दुसरीकडे कुठे मिळेना. मजकूर नव्याने लिहायचा म्हणून मी वाचायला बसले. एका पुस्तकात ताम्हणाबद्दल दोन ओळी, त्याखाली दुसऱ्या पुस्तकाचं नाव, ते काढलं तर त्यात पाखरं, मग किड्यांचं, मग समुद्राकाठच्या झाडांचं. मीच कव्हर घातलेली पुस्तकं, आतून पहिल्यांदा बघत होते. चिटणीस चिडवायचे, काय सुलभाबाई, परीक्षा आहे काय. म्हटलं, आहे.

पण वाचून लिहिणं म्हणजे उतरवणंच की. म्हणून रविवारी झाडं बघायला लागले. राणीच्या बागेत कैलासपतीखाली उभी राहिले, फूल फांदीला नाही, थेट बुंध्यातून आलेलं. आमच्या चिंचपोकळीच्या वाटेवर वावळ आहे, पंचवीस वर्षं त्याखालून गेले, त्याच्या पापडीसारख्या चपट्या बिया केसात अडकायच्या त्या झटकल्या, वर कधी बघितलं नाही. पान चुरगळून हुंगलं, घाण वास, आणि मी एकटीच हसले रस्त्यात. उंडी मात्र मिळेना. आई अंथरुणातून म्हणाली, अगो, उंडीचा तेल आम्ही दिव्यात घालू, समुद्राकडे बघ. दादरच्या समुद्राकडे एका कुंपणाला सापडली. चित्र मीच काढलं, जमेल तसं.

चारही पानं घेऊन शीवला गेले. मास्तर आता ऐंशीच्या पुढे. उभ्याउभ्याच सांगितलं, पानं मी कापली होती, ही पुन्हा केलीत, उंडीचं चित्र माझं.  मास्तर म्हणाले, मला कशाला सांगतेस, मला ठाऊकच आहे की मी कापली नाहीत. ज्यांच्यासमोर मला चोर म्हटलं त्यांच्यासमोर सांग. मी माफी मागायला वाकले तर पाय मागे घेतले त्यांनी. चहासुद्धा विचारला नाही, आणि बरोबरच आहे.

निघाले तर म्हणतात, थांब, ती उंडी दाखव. बघितलं आणि वैतागले, अगं, ह्या पिंपळाच्या शिरा काढल्यास. उंडीच्या जवळजवळ असतात, सरळ, फणीच्या दातांसारख्या. पेन्सिल काढली, पान अर्धं त्यांनी दुरुस्त केलं, आणि उरलेलं अर्धं तू कर म्हणाले, झाडाकडे बघून कर.

केलं मी. पानं शिवून झाली.

येत्या रविवारी वाचनालयाची सर्वसाधारण सभा आहे, तिथे सांगणार. जुन्यांपैकी चिटणीस आहेत, अजून चारपाच जण आहेत. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, ठेवतील की काढतील, काढू देत. आयुष्यात कधी सभेत उभी राहिले नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगून बघितलं, जीभ अडते का ते. नाही अडली. आता पुस्तकावर शिक्का मारायचा, आणि मास्तरांचं सभासदत्व परत मिळून, नेणाऱ्यांची नावं लिहायच्या मागच्या कोऱ्या कागदावर पहिलं नाव त्यांचं पडू दे, एवढं एक देवाने करावं. घरपोच मी नेऊन देईन. दार उघडतील की नाही, ते त्यांच्याकडे.