पितळ गरम करताना

(पालममधल्या एका घराचा ओटा. सिताराम, तांदूळ निवडत बसलेली त्यांची बायको चांगुणाबाई आणि पुण्याहून आलेला मुलगा धम्मदीप. मोबाईलला जोडलेला स्पीकर वाजतोय.)

सिताराम : बंद कर आधी! ह्यो मी हाय? ह्यो म्हशीवानी कोण हंबरायलाय?

धम्मदीप : तुमीच, आबा. अल्बमचा पहिला ट्रॅक. खाली नाव टाकलंय, ट्रम्पेट : सिताराम मास्तर, पालम.

सिताराम : काढ नाव. आख्ख्या जिल्ह्याच्या वराती नाचवल्या म्या. जयंतीच्या मिरवणुकीत माझं ट्रम्पेट निघालं की जिंतूरचे बँडवाले आपले बाजे खाली ठेवायचे. आता हे ऐकून म्हणतील, म्हातारा पिऊन आलता.

चांगुणाबाई : दीपू, गाणं कधी सुरू व्हायचं रे? मी मघापासून वाट बघायले.

धम्मदीप : माय, हेच गाणंय.

चांगुणाबाई : मग संपायचं कधी?

धम्मदीप : जॅझ म्हणतात ह्याला. धून एवढीशी, आन मग ज्याला जे सुचेल ते तिथल्या तिथं वाजवायचं. आमी तिघंच आहोत. आबांचं ट्रम्पेट, माझा कीबोर्ड आन भागवतची हलगी.

चांगुणाबाई : भागवतची हलगी व्हय! मला वाटलं शेजारी सोयाबीनचं मशीन लावलंय.

सिताराम : तू थांब गं. दीपू, त्या दिवशी तुज्या पुण्याच्या खोलीत म्या वरातीची आख्खी धून वाजवली. घाम फुटला मला. ती कुठाय?

धम्मदीप : काढली.

सिताराम : काढली! आन ठेवलं काय, तर हे? अरे, हे म्या पितळ गरम करायलो होतो! नवरदेवाचा फेटा बांधून हुईस्तोवर बँडवाला उगंच फुंकत बसतो की न्हाई, तसं. ते वाजवणं नसतंच रे. ते कुणी ऐकतबी न्हाई.

धम्मदीप : माईक चालू होता.

सिताराम : म्हंजे चोरून?

धम्मदीप : सांगितलं असतं तर तुमी ताठ बसून पुन्हा वरातच काढली असती. ती धून सगळेच मास्तर वाजवतात, आबा. हे दुसरं कुणीच वाजवत न्हाई.

चांगुणाबाई : बरं हाय, वाजवत न्हाईत ते.

सिताराम : माझी एक अट. आज, इथंच, पुन्यांदा रेकॉर्ड कर. नीट वाजवतो. न्हाईतर माझं नाव न्हाई आन तुजा ट्रॅकबी न्हाई.

धम्मदीप : आज पाठवायचाय अल्बम, पण तुमी हो म्हणल्याशिवाय पाठवणार न्हाई. आणू ट्रम्पेट?

चांगुणाबाई : आणू नको.

सिताराम : तू मधी बोलू नको म्हणलं ना!

चांगुणाबाई : बोलणार. तू रेकॉर्ड करून घेतलंस, आन मागून डॉक्टरनं ह्यांचे सगळे दात काढले. कवळी बसली तवापासून रोज गोठ्यामागं जाऊन फुंकायलेत. नुसती हवा! काल तर कवळीच उडून वैरणीत पडली. बकरीनं हुंगली.

धम्मदीप : आबा?

सिताराम : बकरीनं हुंगली न्हाई.

धम्मदीप : डॉक्टर काय म्हणाला?

सिताराम : म्हणाला, भाकरी खाता येईल. ट्रम्पेटचं विचारलं तर आपले सगळे दात दाखवून हसला. अरे, ओठाला मागून दाताचा टेका लागतो. ही कवळी घसरती. औंदा जयंतीला मी मिरवणुकीत पुढं नसणार, दीपू. आन माझं शेवटचं म्हणून तू लोकांना हे ऐकवणार? लाज वाटती रे मला.

धम्मदीप : तुमची धून फेकलेली न्हाई मी. जपून ठेवलीय. म्हणाल तर हे काढून तीच टाकतो, खरंच. पण मला हेच आवडलंय. एवढ्या वर्षांत तुमाला असं मोकळं वाजवताना मी कधी ऐकलं नव्हतं.

चांगुणाबाई : मला त्यातलं काई कळलं न्हाई. पण मघाशी ते खालून एकदम वर चढलं ना, तवा माजे तांदूळ निवडायचे राहिले.

सिताराम : कुठं चढलं?

चांगुणाबाई : तुमी 'बंद कर' म्हणून बोंबलत व्हता तवाच.

सिताराम : ...लाव बरं परत.

धम्मदीप : लावतो. नाव ठेवू ना मग?

सिताराम : आवाज वाढव.

धम्मदीप : आबा, नाव?

सिताराम : गप रे जरा. पुढं काय वाजवलंय ते मलाबी ठाव न्हाई.