मिरी पन्नास मिनिटांवर

आदरणीय अध्यक्ष, आमच्या गावचे मुखिया लियानकाका; आरोग्य खात्यातून आलेले आणि विमान नसल्यामुळे अजून इथेच असलेले प्रमुख पाहुणे जुनैदी साहेब; ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या नर्सबाई सुपांगताई; आणि भाताची कामं टाकून जमलेल्या पा सेरिदानच्या आयाबहिणींनो, भावांनो,

ताईंविषयी चार गोड शब्द बोलायचे असं ठरवून आले होते. पण उद्या ताईंच्या मागोमाग दवाखान्यालाही कुलूप लागणार आहे, म्हणून माझं डोकं फिरलंय. सांभाळून घ्या.

कुलूप कशासाठी? तर मिरी शहरातलं मोठं हॉस्पिटल विमानाने फक्त पन्नास मिनिटांवर आहे म्हणे. हा आकडा खात्याला दिला कोणी? आपल्या अध्यक्षांनीच. गेल्या खेपेला साहेबांनी जेवताना विचारलं, "काका, मिरी किती लांब हो?" काका म्हणाले, "छे, हे काय इथेच. पन्नास मिनिटं. तुम्ही आधी भात घ्या."

मान खाली घालू नका काका, आपल्यापैकी कोणीही हेच सांगितलं असतं. पाहुण्याला वाट लांब आहे म्हणणं म्हणजे त्याला ऊठ, निघ म्हणणं. हे आपल्या आयांनी शिकवलंय. काकांनी पाहुणचार केला, साहेब, आणि तुम्ही तो अंतर म्हणून लिहून नेलात!

विमान उडालं तर पन्नास मिनिटं. आणि डोंगरावर ढग बसला तर? माझी सून अडली तेव्हा ढग हलता हलेना. मिरीहून रेडिओवर एकच, "पेशंटला तयार ठेवा." अहो, पेशंट तयारच होती, आभाळ तयार नव्हतं. मूल पायाळू. मी दारात रडत उभी, तर ताई म्हणाल्या, "रडायचं असेल तर बाहेर जा, नाहीतर पाणी तापव." मी पाणी तापवलं. नातू झाला, आणि आपल्या रीतीप्रमाणे आजी झाले म्हणून मला नवं नाव मिळालं. आत्ता ज्या नावाने तुम्ही मला बोलायला पुकारलंत, ते ताईंच्या हातून आलेलं आहे.

साहेब सोमवारी आले, दुपारी परत जाणार होते. आज गुरुवार. रोज सकाळी धावपट्टीवर जातात, विमान इवलंसं म्हणून काट्यावर बॅगेचं आणि स्वतःचं वजन करून घेतात, आणि ढग बघून परत येतात. बॅग तेवढीच आहे, साहेब मात्र आमच्या भाताने वाढताहेत. हसा, पण पुढचंही ऐका. काल साहेबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. मिळाल्या कुठून? ताईंच्या कपाटातून. परवा कोणाचं कपाट उघडायचं?

ताई, तुमचे आभार कुठल्या तोंडाने मानू? तुम्ही होतात म्हणून मिरी लांब असून आम्हाला कधी लांब वाटली नाही.

बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. एका चुकीची माफी मात्र आधीच मागते, कारण ती मी जाणूनबुजून करणार आहे. माझी आई असती तर तिने मला ताटावरून उठवलं असतं.

जुनैदी साहेब, तुम्ही आमचे पाहुणे आहात. मिरी फार लांब आहे.