मागल्या दारची कुऱ्हाड

दैवशाला : परत सांगा. माझी कुऱ्हाड कुणाला दिली?

धनाजी : गुरुलिंगला. बांधावरली बाभूळ तोडायची म्हणत होता. आपल्याला आता तिचं काय काम? बेंबळीच्या वखारीतनं टेंपोभर लाकडं आणली, मशीनवर फोडलेली. वरीसभर चिंता न्हाय.

दैवशाला : मी आणायला सांगितली होती?

धनाजी : आता घ्या. बायकोचं कष्ट कमी केलं तर ती बी चूक.

दैवशाला : अक्षदा, तुझ्या अप्पांना जेवायला वाढ. मला भूक न्हाय.

अक्षदा : अप्पा, खरं सांगू? तुम्ही लई मोठा घोळ घातलाय.

धनाजी : तू नववीचं पुस्तक बघ.

अक्षदा : तेच बघत असते की, मागच्या खिडकीत बसून. तिथनं आई लाकडं फोडताना दिसते. आत्या तिला सकाळपासून टोचून बोलली, की त्या दिवशी दोन ओंडके जास्त. मग तोंड धुऊन आत येते अन् गुणगुणत पीठ मळते.

दैवशाला : गप गं.

अक्षदा : आज न्हाय गप बसणार.

धनाजी : अगं, पण ती कण्हायची. दर घावाला ‘हुं’. म्या ओसरीवर ऐकायचो, जीव तुटायचा. म्हणून तर वखार गाठली.

दैवशाला : ते कण्हणं वाटलं तुम्हाला?

धनाजी : मग काय होतं?

दैवशाला : दिवसभर ह्या घरात मला हाका. पाणी दे, चष्मा कुठं ठेवला, शेळी सुटली. हातात कुऱ्हाड असली की कुणी जवळ येत न्हाय. तेवढा एक तास माझा. पाय रोवायचे, ओंडक्याची चीर हेरायची अन् घाव घालायचा. बरोबर बसला की खाडकन दोन फाका. लिंबाचं आतलं लाकूड कधी हुंगलंय तुम्ही? तोवर ते कुणीच बघितलेलं नसतं. पहिल्यांदा मी बघते.

धनाजी : बोलायचं की मग.

दैवशाला : विचारलं कधी? दांडा माझ्या मुठीच्या मापानं तासून घेतलेला. जावा, घेऊन या.

धनाजी : दिलेली वस्तू परत मागू? बायकोला लाकडं फोडायचीत म्हणून? गाव हसंल.

दैवशाला : मग हसू नका देऊ गावाला. अक्षदा, माझं ताट उचल.

अक्षदा : अप्पा, त्या ‘हुं’चं सांगू? ओंडक्यांना नावं असतात. आई एकेकाचं नाव घेते अन् घाव घालते, खिडकीतनं सगळं ऐकू येतं.

दैवशाला : अक्षदा.

अक्षदा : सरळ वाळलेला, तो आत्याचा. एका घावात जातो. ओला काकांचा. फुटत न्हाय, नुसती कुऱ्हाड धरून बसतो.

धनाजी : अन् माझा?

(बाहेर शेळी ओरडते, तरी कुणी उठत नाही.)

दैवशाला : गाठीचा.

धनाजी : फुटतो का?

दैवशाला : वेळ लागतो. चहूकडनं फिरवून बघावा लागतो. पण चुलीत सगळ्यात जास्त तोच टिकतो.

धनाजी : माझी चप्पल कुठंय?

अक्षदा : अन् जेवण?

धनाजी : आलो गुरुलिंगकडनं. तिथं गाठीचं एखादं पडलं असंल, तर ते बी आणतो.

दैवशाला : दोन आणा.