चार पाय की एक दांडा

हॅलो?

हो, मीच. कुठून बोलतेयस, लॅबमधूनच ना? … नाही, काही नाही. मजेत. तू जेवलीस का?

… कोणी सांगितलं तुला? … आजींनी? तिसऱ्या मजल्यावरून आजींना मांजर आणि माणूस यांतला फरक कळत नाही, रक्त बरं दिसलं.

नाही गं, पोलीस-बिलीस कोणी नाही. अजून तरी नाही.

अगं ऐक ना. सकाळी निघताना तू काय म्हणालीस? सायकलचा मागचा कॅरियर मोडलाय, चांगलासा बघून ठेवा, रोज बसनं दातांच्या साच्यांची खोकी नेऊन कंबर गेली. म्हणालीस ना? मग तेच करत होतो. … हो, हो, तासाभराचंच काम. पण निवडायचं म्हणजे जाणत्या माणसांना विचारायला नको? विचारलं. खालच्या शेडमध्ये.

… हो, वेल्डर आणि त्याचा मेहुणा, सुतार. दुसरं आहे कोण खाली?

वेल्डर म्हणाला, डोळे मिटून चार पायांचा घ्या. दोन पाय सीटखाली, दोन खाली चाकाच्या आसापाशी, बोल्टनं आवळून टाकायचे. वर म्हैस बसवा. सुतार म्हणाला, छे, हलकं काहीतरी घ्या. सीटच्या दांड्याला एका पकडीत आवळायचा, मागे फळीसारखा तरंगतो. वेल्डर म्हणाला, तरंगतो म्हणूनच बुडतो. सुतार म्हणाला, दाजी, तुम्हाला लोखंडाशिवाय सुचतंय काय, लग्नात ताईच्या बोटात अंगठी घातली तीसुद्धा वेल्डिंग करून घातली असतीत.

… हसलीस ना? मीही हसलो. तिथंच गाडं घसरलं. म्हटलं, होऊन जाऊ दे पैज.

मी लावली म्हणजे… त्यांच्या पोटात होतीच गं, मी ओठात आणून दिली.

पैशांची कशाला, पैशांची पैज काय कोणीही लावतं. हरेल त्यानं गेटसमोर उभं राहायचं आणि जमलेल्या प्रत्येकाकडून एकेक थोबाडीत खायची. … सुचवलं मीच. कोणीतरी सुचवायला नको?

तर दुकानातून दोन्ही आणले, आवडला नाही तर परत या बोलीवर. … आता तो परत घेणार नाही, ते सोड. आणि ओझं म्हणून तुझं प्लास्टरचं पोतं. … जिन्याखालचंच. पंचवीस किलोचं. अगं सायकल तुझी, ओझं तुझं, परीक्षा कशी अगदी खरी. गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून तीन फेऱ्या.

आधी सुतार. पहिल्या फेरीत पोतं डावीकडे फिरलं. दुसरीत उजवीकडे. तिसरीत सुतार समोर बघतोय आणि पोतं तळमजल्यावरच्या ड्रायव्हरच्या घराच्या खिडकीत डोकावतंय. पण पडलं नाही. … हो, तुझे साचे असे फिरले असते तर वरच्या दाताला खालचा मेळ नाही, बरोबर. पण पैजेपुरता पास.

मग वेल्डर. काय ती ऐट, घोड्यावर बसल्यासारखी. पहिली फेरी झकास. दुसरीत स्पीडब्रेकरवर चढला आणि खालचे दोन्ही पाय सुटले. कॅरियर पोत्यासकट मागे कलंडला, एक पाय सरळ चाकाच्या तारांत. चाक जागच्या जागी थांबलं.

वेल्डर नाही थांबला.

… तोंडावर. … दोन. वरचे, पुढचे. एक गिळला असं सुतार म्हणतो. दुसरा रस्त्यावर घरंगळत आला, तो मी रुमालात घेतला.

… दुधात? का? … हो हो, घेतो. थांब. पातेल्यात आहे थोडं. … पुसू नको? बरं. मुळाला हात लावत नाही, वरूनच धरतो. … तासाभरात दवाखान्यात पोचला तर परत बसतो? अरे वा. मग आहे अजून वेळ. टाकला कपात.

सायकल ना… चाकाचा आठ झालाय. … हो, आकड्यातला आठ. तू रडू नको, आधी पुढचं ऐक.

तो उठला. तोंडभर रक्त थुंकला. आम्हाला वाटलं, झालं. तर त्यानं सायकलवरून तो कॅरियर उपटला. वरचे बोल्ट तोडून उपटला गं, हातानं, आणि फिरवून सुताराच्या कानावर हाणला. कान लोंबला. … थोडासाच. सुतारानं शेडमधून मोठा लाकडी हातोडा काढला आणि याच्या खांद्यावर घातला. ओलं फळकूट मोडावं तसा आवाज. मग दोघं खाली, त्या फुटलेल्या पोत्यावर. पांढऱ्यात लाल, पार गुलाबी चिखल. एकाची दाढी दुसऱ्याच्या मुठीत, दुसऱ्याचं मनगट पहिल्याच्या दातांत. उरलेल्या दातांत.

… सोडवायला गेला ना ड्रायव्हर. पोटात गुडघा बसला, तो गटाराकडेला बसून ओकतोय.

मी? मी घरातच. स्वयंपाकघरात. … खिडकीखाली. … बसलोय म्हणजे, वाकलोय.

कारण काय म्हणजे? वेल्डर म्हणतो, मी स्वतः आवळलेले बोल्ट, ते सुटतीलच कसे. त्यांना ती वाकडी षटकोनी किल्ली लागते. शेडमध्ये तशी एकच, आणि ती असते सुताराच्या कप्प्यात. म्हणजे सैल केले सुतारानं. झालं, एवढंच धरून बसलाय. सुतार म्हणतो, वीस वर्षं एका छपराखाली काढली आणि मला चोर ठरवतो, आता छप्पर तरी राहील नाहीतर दाजी तरी. वेल्डरनं त्याचं सगळं सामान रस्त्यावर भिरकावलं. रंधा, करवती, सगळं. एक करवत खाली आपल्या जिन्याच्या दारात रुतून उभी आहे. काय भिरकावली राव, थरथरत होती कितीतरी वेळ.

… मजा नाही गं वाटत मला. तुला आपलं तसं ऐकू येतं.

आणि वेल्डर तरी कसला, समजून घ्यायचं ना. साबण चोपडलेला बोल्ट स्पीडब्रेकरवर टिकणार किती…

… काय म्हणालो?

साबण? कोण म्हणालं साबण? … अगं, अंदाजे. बोल्ट म्हटलं की साबण आलाच… नाही येत? …

… बरं.

… हो.

हो, म्हटलं ना. किल्ली माझ्या खिशात आहे. वेल्डरनं कॅरियर आवळला आणि दोघं चहाला गेले, तेव्हा चार आटे उलटे फिरवले आणि आट्यांत साबण भरून ठेवला, हाताला घट्ट लागावा म्हणून. म्हटलं, पोतं घसरेल, वेल्डर चार थोबाडीत खाईल, महिनाभर हसायची सोय. पाय तारांत जाईल हे डोक्यातच आलं नाही माझ्या. … हो, बावन्न पूर्ण झाली. … हो, अक्कल वेगळी येते, मान्य.

उद्या सांगतो ना त्यांना. थंड झाल्यावर… आता गेलो तर मला कापून…

थांब.

थांब, एक मिनिट. वेल्डरनं गॅसची नळी पेटवलीय. … नाही, सुताराच्या पेटीकडे चाललाय, त्याच्या बापाची पेटी आहे ती. … सुतारानं पटाशी उचलली. अगं, पोटाशी धरलीय, टोक पुढे.  दोघंही पुढे सरकतायत.

वहिनी मध्ये आली. … हो, वेल्डरची बायको. एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ. म्हणतेय, आधी मला…

अरे.

अरे, अरे.

… तिला लागलं. हाताला. कोपराखाली, लांब आहे. तिनं स्वतःच धरली पटाशी, पात्याला. ती अजून सोडत नाहीये. आणि हे दोघं अजून एकमेकांकडेच बघतायत, तिच्याकडे कोणी बघत नाहीये.

… हो. निघालो. तू फोन ठेवू नको. ठेवू नको हं. कप घेतलाय. … स्वच्छ टॉवेल, घेतला. दाबून धरायचा, कळलं. … चपला सापडत नाहीयेत गं. … हो, अनवाणीच जातो.

जिन्यात आहे. … बाहेर आलो.

सुतारदादा. अहो वेल्डर, ती नळी बंद करा. तिकडे नका बघू, इकडे बघा. बोल्ट मी सैल केले होते. ही किल्ली. सुतारानं हात लावला नाही त्याला. मी केलं, गंमत म्हणून.

…

काही नाही, उभे आहेत. … नळी विझवली त्यानं. … पटाशी पडली. मी वहिनीचा हात दाबून धरलाय, फोन खांद्याला लावलाय. बोटं हलतायत तिची, पाचही. ड्रायव्हर रिक्षा बघायला गेला. कप वेल्डरला दिला, तो त्यात वाकून बघतोय, लहान मूल विहिरीत बघतं तसा.

सुतार त्याच्या खांद्याला हात लावून विचारतोय, दाजी, फार लागलं का. तो याचा कान बघतोय. आता दोघंही रडतायत गं. … मी कशाला रडू, प्लास्टर गेलंय डोळ्यांत.

काय हो? … हो, ऐकतोय. … ते म्हणतायत, मग पैज हरलं कोण?

… अगं, तू कोणाच्या बाजूनं आहेस?

बरं, बरं. मीच हरलो. गेटसमोरच उभा आहे. … वेल्डर म्हणतो, तुझा कान फाटला, पहिला मान तुझा. सुतार म्हणतो, छे दाजी, तुमचे दात, तुम्ही आधी. आत्ता पटाशी होती हातात, आता मानपान चाललेत. … मिटलं. वहिनी पहिली. रिक्षा येईपर्यंत उरकून घेते म्हणते.

मागे रांग लागलीय. समोरचा शिंपी कशाला आलाय, तो तर पैजेच्या वेळी नव्हता. … आजी उतरल्यात, कठडा न धरता.

काय म्हणालीस? … अगं पण तू बसनं येईपर्यंत… बरं, सांगतो. अहो, ही म्हणतेय, उजवा गाल तिच्यासाठी ठेवा. … हो, डाव्याच बाजूला मारा सगळ्यांनी.

वहिनी, तुमचा तो हात नको, दुसरा. जरा थांबा, फोन डाव्या कानाला आहे, चष्मा तरी काढू…