आधी मोटर बंद

हॅलो? … हो, हो, जागाच आहे. गोळीनं जरा तरंगल्यासारखं होतंय, एवढंच. … पोचलीस मैदानावर? दिसतेस खिडकीतून, मुंगीएवढी. … अगं, पलंगावरून आणखी काय दिसणार? पाय प्लॅस्टरमध्ये आणि डोकं ढगात.

… नाही, घाई नको. वारा कसा पडलाय बघ. सगळा हिवाळा मी हे रिमोटवरचं विमान बनवलं, त्यावर कापड तू चढवलंस, आणि ते पहिल्यांदा उडणार तेव्हा मी आडवा! … बरं बरं, रडगाणं बंद. जुनं विमान तूच माझ्यापेक्षा बरं उतरवायचीस.

ऐक ना, फोन स्पीकरवर टाकून खाली ठेव. आधी नाकावरचा पंखा काढ. … हो, आत्ताच लावलास, माहितीये. काढ. मोटर तपासताना पंखा नको म्हणजे नको. … अगं, फिरताना तो दिसतसुद्धा नाही! तुझी बोटं गेली तर शिलाई मशीनवर मी बसू? … हसू नकोस. मला साधं बटण लावता येत नाही.

काढलास? शहाणी गं. आता रिमोट चालू. वेगाची दांडी खाली. डावा खटका पुढे कर, तुझ्यापासून लांब, म्हणजे मोटर बंद. मग विमानाची बॅटरी जोड. … जोडलीस? आता दांडी हळूच वर. काही म्हणता काही हलता कामा नये. …

… काय? … फिरली?

दांडी खाली! बॅटरी काढ! … काढलीस? … लागलं नाही ना? … थांब. … घाबरलो गं.

… कळलं. कळलं मला. मी उताणा पडून, रिमोट तोंडावर धरून सेटिंग केलं ना! खटका पायांकडे नेला की मोटर बंद. पाय लांब, म्हणून मी समजलो पुढे. आणि उभ्यानं रिमोट धरला की तीच बाजू पोटाकडे येते. … हो, गाढव आहे मी. म्हण, आणखी म्हण.

… घरी ये. राहू दे आज. … नाही? … अगं पण… बरं बाई. सेटिंगमध्ये जा, मोटर बंदची दिशा उलटी कर. … जोड बॅटरी. खटका पुढे, दांडी वर. … मोटर गप्प आहे? पुन्हा कर. … पुन्हा. … आता दांडी खाली, खटका मागे, मोटर अगदी हळू फिरू दे आणि रिमोटच बंद करून टाक, सिग्नल तुटला तर मोटर थांबते का बघू. … थांबली आपोआप? मग झालं. बॅटरी काढ, पंखा लाव, रिमोट चालू कर, खटका पुढे, आणि मगच बॅटरी. फोन खिशात टाक, चालू राहू दे.

… सुटलं? … अगं, दिसलं! झाडांच्या वर… वळव, सावकाश… तुझं कापड उन्हात कसं दिसतंय, आत दिवा लावल्यासारखं. … आता खटका. पडत नाही गं, कर मोटर बंद. … केलास? … काहीच ऐकू येत नाहीये. नुसतं तरंगतंय… मीही तिथंच आहे कुठेतरी. या खोलीत नाहीच मी. …

… उतरलं? पळू नकोस! खटका पुढेच आहे ना? दांडी खाली? … आता जा. मागच्या बाजूनं जा, बॅटरी काढ, मग उचल.

… काय? पुन्हा उडवणार? … आणि मी काय करू? … बरं. बघत पडतो. … नाही, ठेवतोच फोन. माझी बडबड नको आता तुला मध्ये.